गाडी चालवताना फोनवर कोणतं नकाशा-ॲप? अनुभव आणि सेटिंग्ज

गूगल मॅप्स, मॅपल्स, वेझ, ऑरगॅनिक मॅप्स... यातलं काय ठेवायचं, हा प्रश्न दर वर्षी गणपतीच्या आधी निघतोच. 'अमुक भारी, तमुक बकवास' एवढंच नको. कुठल्या रस्त्याला काय वापरावं, चुकतं कुठे आणि का, ते लिहा. प्रवासवर्णनं इथे नकोत. (प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

घाटवाट

ताम्हिणी असो की कुंभार्ली, घाटात रेंज मध्येच जाते. चालू नेव्हिगेशन त्याने लगेच बंद पडत नाही, ठरलेला रस्ता फोनमध्ये आलेला असतो. वांधा होतो तो वळण चुकल्यावर, कारण नवा रस्ता काढायला त्या भागाचा नकाशा फोनमध्ये असावा लागतो. म्हणून आदल्या रात्री वायफायवर: गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या गोलावर टिचकी, 'ऑफलाइन मॅप्स', 'सिलेक्ट युअर ओन मॅप', चौकट ओढा, डाउनलोड.

चौकट ऐसपैस घ्या. पुण्याहून चिपळूणला जायचं तर एकीकडे महाड-खेड आणि दुसरीकडे सातारा-कराड-पाटण, दोन्ही बाजू आत हव्यात. एक घाट बंद निघाला तर वळसा दुसऱ्या बाजूनेच पडणार. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक दिसत नाही आणि पर्यायी रस्तेही सुचवले जात नाहीत. नकाशाला मुदत असते. १५ दिवस उरले की वायफाय मिळेल तेव्हा ॲप स्वतःच अपडेट करायला बघतं. घरी वायफाय नसेल तर हाताने करा.

आणखी एक. वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात प्रशासनाच्या आदेशाने बंद होतात. तो आदेश नकाशावर चढेपर्यंत रस्ता मोकळाच दिसतो. ट्रॅफिक दाखवणाऱ्या लाल पट्टीवरही विसंबू नका: लाल दिसायला तिथे अडकलेल्या गाड्यांतले फोन लागतात. दरड पडून रस्ता रिकामाच असेल तर लाल येणार कुठून?

नकाशेवाला

वरच्याला पुरवणी. डोंगरात ऑरगॅनिक मॅप्स दुसरं ॲप म्हणून ठेवाच. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या डेटावर चालतं, फुकट, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि सगळं काम ऑफलाइन. ट्रॅफिक मात्र अजिबात नाही, आणि दुकान किंवा हॉटेल शोधायला कामाचं नाही. गाव सापडलं नाही तर एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत टाकून बघा, नोंद एकाच लिपीत असते कधीकधी.

मु_पो_मुरुड

निम्म्या चुका ॲपच्या नसतात, पत्त्याच्या असतात. मुरुड तीन तरी आहेत: रायगडातलं जंजिऱ्याचं, दापोलीचं आणि लातूरचं. शिरूर म्हणाल तर पुण्याचं, बीडचं शिरूर कासार, लातूरचं शिरूर अनंतपाळ. त्यामुळे शोधताना तालुका आणि पिनकोड जोडा, आणि 'स्टार्ट' दाबण्याआधी किलोमीटरचा आकडा बघा. पुण्याहून शिरूर सत्तरेक किलोमीटर हवं; तीनशेच्या वर दिसलं तर गाडी लातूरकडे निघाली.

दुसरी भानगड पिनची, म्हणजे नकाशावरच्या खुणेची. शेतघराची किंवा कार्यालयाची पिन इमारतीच्या मधोमध असते. ॲप पिनला सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं, फाटक कुठे आहे ते त्याला कळत नाही. मागच्या बाजूने कॅनॉलचा रस्ता दहा मीटरवर असेल तर तिथे नेऊन सोडतं, 'तुम्ही पोहोचलात' म्हणतं आणि समोर तारेचं कुंपण. यजमानाकडून फाटकात उभं राहून पाठवलेलं लोकेशन मागवा. ते जमत नसेल तर सॅटेलाइट दृश्य लावून फाटकासमोरच्या रस्त्यावर बोट दाबून धरा, पिन तिथे पडते.

दोनचाकी

मोटारसायकलवाल्यांनो, कारचा मोड चालू ठेवून निघू नका. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे, समृद्धी, अटल सेतू, वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, सगळीकडे दुचाकीला बंदी. कारचा मोड बिनदिक्कत तिकडेच नेणार. गूगलचा दुचाकी मोड भारतात २०१७ पासून आहे. उलटंही लक्षात ठेवा: चारचाकीत बसून दुचाकी मोड राहिला तर ज्या बोळात आरसे दुमडावे लागतात तिथे जाऊन अडकाल.

टोलनाका

गूगल मॅप्समध्ये वेळ अचानक वाढलेली दिसली तर दोन ठिकाणी बघा. एक, मार्गाच्या पर्यायांत 'टोल टाळा' मागच्या वेळचं तसंच राहिलंय का. दोन, सेटिंग्जमध्ये इंधन-बचतीच्या मार्गाला पसंती देणारा खटका. तो चालू असेल तर थोडा उशिराचा रस्ताही पुढे येतो. इंजिनाचा प्रकार पेट्रोल, डिझेल की इलेक्ट्रिक, तेही नीट भरा, बचतीचा हिशेब त्यावरच चालतो.

उड्डाणपूल आणि खालचा सर्व्हिस रोड यांत ॲप गोंधळतं, कारण जीपीएसला काही मीटर इकडे-तिकडे होतातच आणि वर-खालचा फरक धड कळत नाही. इथे मॅपमायइंडियाचं मॅपल्स मला उजवं वाटतं, चौक यायच्या आधी त्याचं चित्रच दाखवतं. गूगलनेही २०२४ पासून उड्डाणपुलाची सूचना द्यायला सुरुवात केली आहे. वेझ चालतं वापरणाऱ्यांनी टाकलेल्या सूचनांवर, म्हणून मुंबई-पुण्यात ठीक. आडगावात सूचना टाकणारंच कोणी नसतं.

खाडीपलीकडे

किनाऱ्याने जाणाऱ्यांसाठी: आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे ॲप फेरीबोट धरून वेळ सांगतं. शेवटची बोट गेली असेल किंवा जेट्टीवर रांग असेल तर त्या वेळेला काही अर्थ नाही. बोटीची वेळ आधी विचारा. उशीर होणार असेल तर 'फेरी टाळा' चालू करून दुसरा आकडा बघून ठेवा, खाडीला वळसा किती मोठा पडतो ते लगेच कळतं.

मुंबई-गोवा महामार्गावर नवा रस्ता आणि जुना रस्ता शेजारीशेजारी असलेल्या ठिकाणी बाण शेतातून चाललेला दिसू शकतो. घाबरून यू-टर्न घेऊ नका, पाटी बघा.

फ्यूजवायर

ॲपपेक्षा फोन जास्त दगा देतो. होल्डर डॅशबोर्डवर काचेखाली लावला की फोन उन्हाने तापतो, पडदा मंद होतो आणि चार्जिंग थांबतं. एसीच्या जाळीवरचा होल्डर घ्या. जुन्या गाड्यांतला यूएसबी सॉकेट अर्धा-एक अँपिअरच देतो. पडदा, जीपीएस आणि डेटा मिळून त्याहून जास्त खातात, म्हणून केबल लावूनही टक्के उतरत जातात. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये १८ वॅट किंवा जास्तीचा चार्जर घाला. बॅटरी सेव्हर बंद, लोकेशनमध्ये 'प्रिसाइज' चालू.

फोन हातात धरू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर नियमात फोनला मोकळीक आहे ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

दोनचाकी

हँडलवरच्या होल्डरचं राहिलं. इंजिनाच्या थरथराटाने फोनच्या कॅमेऱ्याचं ओआयएस (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी भिंगाची यंत्रणा) बिघडू शकतं. रबरी डॅम्पर असलेला होल्डर घ्या, नाहीतर फोन खिशात ठेवून कानात फक्त एका बाजूला आवाज.

फ्यूजवायर

एका कानातलंही नको. हेल्मेटमध्ये बसणारा ब्लूटूथ स्पीकर मिळतो, तो बघा.