सर्फबोर्डसाठी ब्लँक (बोर्ड कोरायचा फोमचा ठोकळा): पीयू मागवावा की सोलापुरातलं थर्माकोल घ्यावं?

कंबरतलाव_काठी
नमस्कार मंडळी. ७ फूट ६ इंच लांब, २२ इंच रुंद, २⅞ इंच जाड असा पहिला बोर्ड घरी घडवायचाय. वजन ६८ किलो, लाटेवर नवखा, बोर्ड जाणार रत्नागिरीकडे. काम मात्र इथेच, पत्र्याच्या शेडमध्ये. तयार पीयू (पॉलियुरेथेन फोम) ब्लँक मागवू की इथल्या थर्माकोलचा ठोकळा घेऊ? घनता किती सांगायची? छताच्या इन्सुलेशनला मिळतात त्या निळ्या एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन फोम) शीट एकावर एक चिकटवून जमेल का?

रंधा_पटाशी
आधी रेझिन (फोमवर काचेचं कापड चिकटवणारं, वाळून कडक होणारं द्रव) ठरवा, फोम आपोआप ठरतो. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्माकोल विरघळवतं. थर्माकोल म्हणजे इपॉक्सीच, दुसरा पर्याय नाही. पीयूवर दोन्ही चालतात.

निळी शीट विसरा. तिचे कप्पे पूर्ण बंद असतात, त्यामुळे रेझिन नीट धरत नाही. उन्हात आतला वायू फुगला की त्याला वाट नसते, मग काच आणि फोम यांच्यामध्ये पापडासारखे फोड येतात. सोलापूरच्या उन्हात तर बघायलाच नको.

तुमच्या मापाचा बोर्ड साधारण ५२ लिटरचा होतो. ६८ किलोच्या नवख्याला ठीक आहे. २० घनतेत (किलो प्रति घनमीटर) आतला फोम १ किलो ४० ग्रॅम, ३० घनतेत १ किलो ५६० ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या किलोचा, म्हणून वजन वाचवायला हलका फोम घेऊ नका. टाचेखाली खळगे पडतात. २५ ते ३० मागा. मखरासाठी मिळायचं ते थर्माकोल याच्या जवळपासही नाही.

खारा_वारा
पीयूची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. तयार ब्लँकमध्ये रॉकर (बोर्डाचा लांबीतला बाक) आणि मधली लाकडी पट्टी आधीच बसवलेली असते. रंधा, घासायची जाळी, सँडपेपर सगळं गुळगुळीत चालतं, थर्माकोलसारखे मणी उपटत नाहीत. पहिल्यांदा हात बसवायला तोच सोपा. २००५ च्या डिसेंबरात अमेरिकेतली पीयू ब्लँक बनवणारी क्लार्क फोम कंपनी अचानक बंद पडली नसती, तर इतके लोक थर्माकोलकडे वळलेच नसते.

एक पथ्य: पीयू वरच्या थरात घट्ट आणि आत मऊ असतो. म्हणून तुमच्या मापाच्या अगदी जवळचा ब्लँक निवडा आणि वरच्या बाजूने कमीत कमी खरवडा. जादा जाडी खालच्या बाजूने काढा. घडवेपर्यंत चादरीत गुंडाळून ठेवा, उन्हात पिवळा पडतो. (चादरीची आपल्याकडे काय कमी!)

अडचण एकच, भाडं. साडेसात फुटी हलकं खोकं कुरियरवाले वजनावर मोजत नाहीत, आकारमानावर मोजतात. दोघातिघांनी मिळून मागवलं तरच परवडतं.

रंधा_पटाशी
भाड्याचं अगदी बरोबर. म्हणूनच पहिल्याला थर्माकोल म्हणतोय. हात चुकला तर दुसरा ठोकळा आणता येतो.

दुकानात जाऊ नका. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, कोल्ड स्टोरेजला किंवा पॅकिंगला माल देणारे कोण आहेत ते विचारा. ८ फूट × २ फूट × ६ इंच असा अखंड तुकडा मागा. जाडी बोर्डाच्या दुप्पट का? पुढचं टोक साडेचार-पाच इंच वर उचललेलं असतं, ते याच जाडीतून कापून निघतं. जोडीदार असेल तर ९ इंची घ्या, एकाच्या कुशीत दुसरा असे दोन ब्लँक निघतात.

घेताना तीन गोष्टी बघा.

वजन: ६ इंची तुकडा साधारण २२६ लिटरचा, म्हणजे २५ घनतेला ५ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. किंवा कोपऱ्यातून १० × १० × १० सेंटीमीटरचा चौकोन कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम, तितकी घनता.

मणी: तोच चौकोन हाताने मोडा आणि मोडलेली बाजू उजेडात धरा. मणी अर्धे चिरलेले दिसले तर माल पक्का भाजलाय. साबुदाण्यासारखे अख्खे सुटून हातात आले तर घेऊ नका. असा फोम रंध्याखाली खड्डे पाडतो आणि भेगेतून पाणी आत ओढतो. दळलेलं जुनं थर्माकोल मिसळलेला ठोकळाही असाच ओळखू येतो, वेड्यावाकड्या तुकड्यांवरून.

वय: साच्यातून ताज्या निघालेल्या ठोकळ्यात पेंटेन (मणी फुगवणारा वायू) आणि वाफेचं पाणी अडकलेलं असतं, तो पुढे आकसतो. तीन-चार आठवडे मुरलेला मागा.

तापती_तार
कापण्याचा क्रम चुकू नये. आधी तापवलेल्या तारेने रॉकर कापायचा, मग मधोमध उभे दोन भाग, मग ४ मिमी प्लायची पट्टी चिकटवायची. पट्टी आधी बसवली तर गरम तार लाकडापाशी अडते, काम तिथेच संपलं.

रॉकरचे दोन एकसारखे साचे प्लायचे करा, कडा मेण लावून गुळगुळीत करा, ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना ठोका. दोन्हींवर दर ५ सेंटीमीटरला आकडे लिहा. दोघांनी दोन टोकं धरायची आणि मोठ्याने आकडा म्हणत सरकायचं. एक १२ वर आणि दुसरा १५ वर असला की बोर्डाला पीळ बसतो. घाईने ओढलं तर तार मध्ये मागे राहते आणि पोटाला फुगवटा येतो. तार लाल झाली म्हणजे जास्त तापली. नीट तापलेली तार मागे केसासारखे बारीक धागे सोडते. नायक्रोम (हीटरच्या कॉइलची तार) वापरा, वीज ट्रान्सफॉर्मरमधून कमी व्होल्टेजची, थेट सॉकेटमधून कधीही नाही. दारं उघडी ठेवा, धूर वाईट असतो.

चिकटवायला फेस येणारा पीयू ग्लू किंवा इपॉक्सी. रबरी कॉन्टॅक्ट ॲढेसिव्ह फोम खातं. पांढरा गोंद आत आठवडाभर ओला राहतो आणि पाण्यात टिकत नाही.

खारा_वारा
पत्र्याच्या शेडबद्दल. थर्माकोलच्या मण्यांमध्ये हवा असते. सकाळी काच-रेझिन लावलं की शेड तापत जाते, हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते, सगळीकडे टाचणीएवढी भोकं. ऊन उतरल्यावर, तापमान खाली जात असताना लावा. मग फोम रेझिन हलकेच आत ओढतो. त्याआधी इपॉक्सीत मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पूड) कालवून पातळ लेप द्या. आणि एप्रिल-मेमध्ये एका वेळी थोडंच रेझिन कालवा, मगात ठेवलं तर तिथेच धूर काढतं.

कंबरतलाव_काठी
एक नंबर माहिती ओ. एकाकडे ८ फुटी मिळतोय, पण तयार माल २० घनतेचा. २५ चा पाडून, मुरवून द्यायला महिना लागेल म्हणतात. थांबू का?

रंधा_पटाशी
थांबा. तोवर साचे आणि तारेचं धनुष्य होईल. फारच घाई असेल तर २० घ्या, पण वरच्या बाजूला २०० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) काचेच्या कापडाचे दोन थर पूर्ण आणि तिसरा फक्त पाय टेकतात तिथे. तेवढ्या कापड-रेझिनचं वजन धरलं तर हलक्या फोमने वाचवलेलं बरंचसं परत गेलं.