बारावीच्या पोरांना पैशाचा हिशेब शिकवायचाय, काय घेऊ? (बजेट २,५०० रु.)

तासगावची_मास्तरीण
तालुक्यातलं ज्युनियर कॉलेज, वर्गात ४६ पोरं. दरवर्षी तेच. इंजिनिअरिंगला नंबर लागतो आणि बाप बेदाणा पडत्या भावात काढायला पळतो. यंदा चार शनिवार फी, कर्ज, शिष्यवृत्ती यावर तास घ्यायचेत. पालकसभेतून अडीच हजार जमलेत. पुस्तकं घेऊ, खेळ घेऊ की कुणाला बोलवू?

विट्याचा_गडी
मॅडम, प्रोजेक्टर घ्या. भावाच्या क्लासला १८ हजारांचा घेतलाय, पोरं जागची हलत नाहीत.

तासगावची_मास्तरीण
बजेट अडीच हजार आहे हो.

विट्याचा_गडी
मग हप्त्यावर घ्या की.

मिरज_जंक्शन
हप्त्यावर! मग पहिल्या शनिवारी त्यावरच तास घ्या.
व्यापारचा खेळ आणा त्यापेक्षा. आमच्या चिरंजीवांनी खेळात अख्खी मुंबई घेतली होती. पुण्यात हॉस्टेलला गेल्यावर महिन्याचे पैसे १२ तारखेला संपले ते सोडा.

निवृत्त_बँकवाला
३१ वर्षं कर्जाच्या टेबलावर काढलीत, म्हणून सांगतो. शिकताना हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं, हे निम्म्या पालकांना माहीत नसतं. दरवर्षी १ लाख असे चार वर्षांत ४ लाख उचलले, दर १० टक्के धरला, तर कोर्स आणि पुढचं एक वर्ष संपेपर्यंत सरळव्याजानंच १ लाख ४० हजार चढतात. मग ५.४० लाखांवर हप्ता, १० वर्षांसाठी महिना ७,१०० च्या पुढं. व्याज जाग्यावर भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना ८३३ रुपयेच पडतात. हे फळ्यावर मांडा, खडूत भागतंय.

वाळव्याचा_पाव्हणा
४ लाखांपर्यंत तारण लागत नाही ना? मग माझ्याकडं सातबारा कशाला मागितला?

निवृत्त_बँकवाला
नाही लागत. पालक सहकर्जदार असले की झालं. नकार देत असतील तर लेखी मागायचा, आपोआप सूर बदलतो.

अजिंक्यतारा_७७
कर्ज हवंच कशाला? कर्मवीरांनी १९१९ साली कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, आमचे आजोबा कमवा-शिका करून शिकले. आताच्या पोरांना बाटलीतलं पाणी लागतं.

हळदीचा_सौदा
सांगलीचं विलिंग्डन कॉलेजही १९१९ चंच आहे, साताऱ्यानं शेखी मिरवू नये. आणि आजोबांची फी किती होती ते पण सांगा.

मुलीची_आई_पलूस
कामाचं सांगते. ८ जुलै २०२४ च्या जीआरनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे. माझ्या जावेनं घाईनं मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरले आणि बसली. मेस-हॉस्टेल यात येत नाही, तो खर्च वेगळाच.
दुसरं, आमची शिष्यवृत्ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर "जमा" दिसत होती, खात्यात काही नाही. लेकीचं आठवीत काढलेलं खातं आधारला जोडलेलं राहिलं होतं, तिथं पडले होते पैसे. चार महिने हेलपाटे.

वाळव्याचा_पाव्हणा
फीसाठी पतसंस्थेत ठेव ठेवू नका एवढं शिकवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नाही. मला कुलूप बघून कळलं.

विट्याचा_गडी
आधार जोडलंय का बघा सगळ्यांचं. महत्त्वाचं आहे ते.

मुलीची_आई_पलूस
तेच लिहिलंय वर.

कुपवाड_एमआयडीसी
माझा मित्र विमा एजंट आहे, फुकट लेक्चर देतो. शेवटी फक्त एक फॉर्म भरून घेतो.

तासगावची_मास्तरीण
फॉर्म नको, आभार.
ठरवलं. खेळ नाही, पाहुणा नाही. वर्गातल्या एका पोराच्या घरचं डेअरीचं दहा दिवसांचं बिल घेतलं, नाव झाकलं आणि ४६ झेरॉक्स काढल्या. लिटर, फॅट, दर, खाली पशुखाद्याची आणि उचलीची कपात. हाती आले १,८४० रुपये. त्यात व्याजाचे महिना ८३३ बसतात का ते पोरांनी सांगायचं. झेरॉक्सचे ९२ रुपये गेले. उरलेल्यातून आधार बघायला पोरांना बँकेत नेते, वडापची जीप परवडतीय.

विट्याचा_गडी
म्हशीचं का गायीचं बिल? फॅट किती लागतंय तुमच्याकडं?