‘शाळा’ : कादंबरीतला जोशी सिनेमात सापडला का?

कागदवेडा
परवा ‘शाळा’ सिनेमा पुन्हा बघितला आणि पुन्हा तीच चुटपुट लागली. सुजय डहाके यांनी २०१२ साली आलेल्या आपल्या पहिल्याच सिनेमासाठी ही गोष्ट निवडली, त्या धाडसाला दाद आहेच. पण मिलिंद बोकील यांच्या कादंबरीचा जीव कथानकात नाहीच मुळी, तो नववीतल्या मुकुंद जोशीच्या बोलण्यात आहे. त्याला आवडणारी शिरोडकर नुसती समोरून गेली तरी त्याच्या डोक्यात केवढं काहूर माजतं! पानंच्या पानं हेच चालतं आणि एक ओळ गाळावीशी वाटत नाही. सिनेमात तोच जोशी गप्प उभा असतो. अंशुमन जोशीचा चेहरा निरागस आहे, पण आतला तो बडबड्या मला कुठेच भेटला नाही.

मॅटिनी
अजिबात पटलं नाही. पडद्यावर दोन तास सलग निवेदन कोण ऐकून घेईल? तीनशे पानांतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हीच तर पटकथेची कसोटी. अविनाश देशपांडे यांना याच पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही. त्या वयात मुलगा गप्पच असतो हो! केतकी माटेगावकरची शिरोडकर समोर आली की त्याला श्वास घ्यायचंही सुचत नाही, हे मला दिसतं. आणखी काय बोलायला हवं त्यानं?

जुनी_मॅट्रिक
गोष्ट आणीबाणीच्या काळातली आणि मीही १९७६ साली नववीत होते, म्हणून लिहिते. मुलामुलींनी एकमेकांना आडनावानं हाक मारायची, तीही कामापुरती. वर्गात मुलाशी चार वाक्यं बोललं की मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेत बोभाटा. ते अवघडलेपण सिनेमात अगदी बरोबर उतरलंय, त्यामुळे याबाबतीत मी मॅटिनींच्या बाजूची. पण आणीबाणी पुस्तकातच जास्त जाणवली. आमच्या रस्त्यावरच्या भिंतीवर ‘बातें कम, काम ज्यादा’ रंगवलं होतं आणि घरात मोठी माणसं आवाज खाली आणून बोलायची. आम्हाला कळत काहीच नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळायचं. बोकीलांनी ते पोराच्या अर्धवट समजेतूनच येऊ दिलंय. सिनेमात तो काळ कपड्यांत आणि सायकलींत दिसतो, पण भीती पोचत नाही.

बॅकबेंचर
माझं उलटं झालं. तेरा वर्षांचा असताना आधी सिनेमा बघितला, म्हणून पुस्तक हातात घेतलं. एरवी धड्याबाहेरचं मराठी मी वाचलंच नसतं. सुऱ्या, चित्रे, फावड्या आणि जोशी त्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसतात, ती जागा मला वाचताना आयतीच दिसत होती. सुऱ्याच्या तोंडचं ‘इचिभना’ तर आमच्या वर्गात वर्षभर चाललं. वाचक मिळवून देणाऱ्या सिनेमाला कमी कसं लेखायचं?

कागदवेडा
कमी लेखत नाही, बॅकबेंचर. तुम्ही पुस्तकापर्यंत पोचलात याचा मनापासून आनंद आहे. जुनी_मॅट्रिक, भीतीचं तुम्ही बोललात ते तर मला सुचलंच नव्हतं; आता तेवढ्यासाठी पुन्हा वाचणार. आणि मॅटिनी, एक कबूल करतो. जितेंद्र जोशींनी केलेला मुकुंदचा नरूमामा इतका पक्का बसलाय की आता वाचतानाही तोच दिसतो. पण शिरोडकरला मी अजून कुणाचा चेहरा दिलेला नाही, आणि द्यायचाही नाही.