घोडबंदर रोड: सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घेऊन कोंडी सुटेल का?

वाघबीळकर

घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंचे सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात विलीन करायचं काम एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) काढल्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज जुंपते. तिथे दोन ओळींच्या वर कोणी वाचत नाही, म्हणून इथे मांडतोय. माझा या कामाला विरोध आहे.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: ठाण्यातल्या माजिवडा-कापूरबावडीपासून निघून हा रस्ता मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली करत गायमुखला पोचतो आणि पुढे घाटातून फाउंटनपाशी अहमदाबाद महामार्गाला मिळतो. एका अंगाला येऊरचा डोंगर, म्हणजे राष्ट्रीय उद्यान. दुसऱ्या अंगाला खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत टॉवरच टॉवर उभे राहिले, पण रेल्वे स्टेशन एकही नाही. लोकल पकडायची तर ठाणे स्टेशन, आणि तिथे जायचं तर हाच रस्ता. जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरनाही हाच सापडतो.

आता सर्व्हिस रोड काय करतो? पोराला शाळेत सोडणं, पुढच्या नाक्यावरून औषधं आणणं, शेअर रिक्षा पकडणं, ही सगळी जवळची ये-जा तो पोटात घेतो. बहुतेक सोसायट्यांची गेटं त्याच्यावरच उघडतात. तो काढला की गेटातून बाहेर पडणारी स्कूटर थेट कंटेनरच्या बाजूला. आणि कोंडी होते कुठे? एका टोकाला गायमुखच्या चढावर, दुसऱ्या टोकाला कापूरबावडीला. दोन्ही तोंडं आहेत तेवढीच ठेवून मधलं पोट वाढवलं तर फायदा काय? आज तीन रांगांत अडकतो, उद्या पाच रांगांत अडकू.

मानपाडा_नाका

साफ असहमत. तुम्ही ज्या सर्व्हिस रोडबद्दल लिहिलंय तो नकाशावर आहे. प्रत्यक्षात काय आहे? डाव्या कडेला गाड्या, त्यांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत गाड्या, मग गॅरेजवाल्याने बाहेर काढलेली बॉनेट उघडी गाडी, मग पाण्याचा टँकर, मग पावभाजी. उरलेल्या फटीतून उलट्या दिशेने येणारी बाइक. फुकटचं पार्किंग आहे ते, आणि ज्यांची गाडी तिथे लागते त्यांचा आवाज या विरोधात सगळ्यात मोठा आहे.

मेट्रोच्या खांबांनी मधली जागा खाल्ली, ती कुठून तरी भरून काढायला नको? डोंगर ढकलता येत नाही, इमारती पाडता येत नाहीत. उरतो सर्व्हिस रोड.

वाघबीळकर

पार्किंगवर कारवाई करा ना मग. त्यासाठी रस्ताच नाहीसा करायचा? आणि त्याच्या खालून पाण्याच्या लाइनी, गटारं, केबल गेल्यात. उद्या लाइन फुटली की खोदकाम मुख्य रस्त्यावर.

डिझेल_आणि_चहा

माझे ट्रक याच मार्गावर चालतात, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

रस्त्यावर टॉवरवाल्यांच्या आधी आम्ही होतो. आग्रा रोड आणि अहमदाबाद महामार्ग जोडणारा रस्ता म्हणूनच याची ओळख होती. दुसरी वाट भिवंडीहून चिंचोटीला जाते, तिची अवस्था एकदा पावसाळ्यात बघून या. अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी घातलीत, ठीक. पण बंदीच्या वेळेत ट्रक उभा कुठे करायचा हे कोणी सांगत नाही. बंदी उठली की कडेला थांबलेले सगळे एकदमच सुटतात आणि तुम्हाला वाटतं ट्रकवाले मुद्दाम गर्दी करतात.

गायमुखबद्दल मात्र वाघबीळकर बरोबर बोलतायत. लोडेड गाडी पहिल्या गियरमध्ये चढते. क्लच गेला की क्लीनर उडी मारून मागच्या चाकाखाली दगड लावतो. गाडी दुरुस्त होऊन जाते, दगड तिथेच राहतो आणि रात्री त्यावर बाइकवाला आपटतो. सर्व्हिस रोड ठेवा नाहीतर काढा, तो चढ होता तसाच राहणार.

रिक्षातली_आई

सगळे गाडीच्या काचेतून बोलताय. पायी चालणाऱ्याचं कोणी बोलेल का?

आज रस्ता ओलांडायचा म्हणजे आधी सर्व्हिस रोड, मग मधला कठडा, मग मुख्य रस्ता, मग मेट्रोच्या खांबाजवळची हातभर जागा. तिथे मी मुलाचं दप्तर एका हातात आणि त्याचं मनगट दुसऱ्या हातात धरून उभी असते. पुढे परत तेच सगळं उलट्या क्रमाने. निदान मध्ये थांबायला जागा तरी मिळतात. सलग रुंद रस्ता झाला तर सिग्नल तेवढाच राहणार आणि अंतर वाढणार. माझी सासू पहिला अर्धा रस्ता ओलांडेपर्यंत दिवा लाल होतो. पादचारी पूल बांधतो म्हणाल, तर त्याला लिफ्ट लागेल आणि ती चालूही लागेल.

मानपाडा_नाका, तुमची पावभाजीची गाडी मला चालते. संध्याकाळी त्या कडेला उजेड असतो.

दोन_वर्षं_थांबा

अहो, मेट्रो येतेय! वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ सुमारे ३२ किलोमीटरची, पुढे ४अ गायमुखपर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुख ते विजय गार्डन चाचणीही झाली. ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम चालू आहे, टिकुजिनीवाडीपासून थेट मागाठाणे, पावणेबारा किलोमीटर. तो झाला की बोरिवलीला जाणाऱ्यांचा घोडबंदरचा वळसाच संपतो. बाळकुम-गायमुख किनारी रस्ताही आहेच. सर्व्हिस रोडवर आत्ता भांडण्यात अर्थ नाही.

नौपाडाकर

दोन_वर्षं_थांबा, आयडी छान घेतलाय. घोडबंदरवाले किती वर्षं तेच ऐकतायत.

मेट्रो ४ चा नकाशा नीट बघा. मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, कॅडबरी, तीन हात नाका, आणि पुढे मुलुंड. ठाणे रेल्वे स्टेशन त्यात नाही! ज्याला दादर किंवा सीएसएमटीची लोकल पकडायची आहे तो उतरणार कुठे? पुन्हा रिक्षा, पुन्हा स्टेशन रोडची गर्दी. स्टेशनला जोडणार आहे ती वर्तुळाकार मेट्रो. २९ किलोमीटर, २२ स्थानकं, केंद्राची मंजुरी ऑगस्ट २०२४ ची. ती धावेपर्यंत रिक्षातल्या आईंचं पोरगं कॉलेजात गेलेलं असेल.

तोवर माणसं स्टेशनला न्यायची तर टीएमटीची, म्हणजे ठाणे पालिकेची बस हवी. सर्व्हिस रोड विलीन करून मिळालेली कडेची मार्गिका फक्त बसला देणार असाल, तर माझा या कामाला पाठिंबा आहे. एका बसमध्ये साठ माणसं मावतात. तेवढ्याच जागेत दोन-तीन मोटारी उभ्या राहतात आणि त्यातल्या बऱ्याचशा एकेकट्या ड्रायव्हरच्या.

मानपाडा_नाका

बस मार्गिका कागदावर चांगली दिसते. राखणार कोण? पहिल्या आठवड्यात पोलीस उभा राहील, दुसऱ्या आठवड्यात त्यात रिक्षा घुसतील, तिसऱ्यात लग्नाची वरात. शिवाय सोसायटीच्या गेटातून निघणारी प्रत्येक गाडी तीच मार्गिका कापून जाणार.

वाघबीळकर

म्हणजे पार्किंग हटवायला पोलीस मिळतील असं तुम्हालाही वाटत नाही, बस मार्गिका राखायलाही मिळणार नाहीत. पण रुंद झालेल्या रस्त्याच्या कडेला कोणी गाडी लावणार नाही, यावर मात्र विश्वास? गॅरेजवाला आहे तिथेच आहे. त्याची बॉनेट उघडी गाडी आता मुख्य रस्त्यावर येईल, एवढंच.

नौपाडाकर, बस मार्गिकेला माझी ना नाही. पण आधी बस दाखवा. कासारवडवलीच्या थांब्यावर सकाळी आठला उभे राहा आणि किती गाड्या आतून भरलेल्या, न थांबता पुढे जातात ते बघा. बस वाढवायला रस्ता खोदावा लागत नाही, ते काम उद्यापासून करता येईल.

मानपाडा_नाका

वाढवा की बस, कोण अडवतंय? पण ती भरलेली बसही पातलीपाड्याला माझ्या मागेच उभी असते. तिला पुढे काढायला जागा लागेल, आणि ती सर्व्हिस रोडमधूनच मिळेल. गेटांचं म्हणाल तर दोन-चार सोसायट्यांना मिळून एकच बाहेर पडायची वाट द्या. ते तुमच्या ग्रुपवर मांडून बघा, किती जण हो म्हणतात ते कळवा.