जुनी गाडी घेताना आधी पिढी ठरवावी की आधी गाडी पाहावी?

रंकाळाकाठ

ओळखीतले कोणी जुनी गाडी घ्यायला निघाले, की "स्विफ्ट बघतोय" किंवा "पोलो ऑटोमॅटिक बघतोय" एवढेच सांगतात, आणि एजंटही त्याच नावाच्या चार गाड्या समोर उभ्या करतो. माझे स्पष्ट मत असे आहे, की नुसते मॉडेलचे नाव ठरवून काहीच ठरत नाही. कोणत्या पिढीची (म्हणजे त्या मॉडेलच्या कोणत्या नव्या रूपाची), कोणत्या इंजिनाची आणि कोणत्या गिअरबॉक्सची गाडी घ्यायची, हे पहिली गाडी पाहायला जाण्याआधी घरी बसून ठरले पाहिजे. एकदा गाडी डोळ्यांत भरली, रंग आवडला, घरच्यांनी आत बसून पाहिले, की मग दोषांची चौकशी करण्याची इच्छाच उरत नाही.

स्विफ्टचेच पाहा. 2005 मध्ये ती आली तेव्हा तिच्यात 1.3 लिटरचे पेट्रोल इंजिन होते. 2007 मध्ये फियाटच्या परवान्याने बनणारे 1.3 मल्टिजेट डिझेल आले, 2010 मध्ये पेट्रोलचे इंजिन बदलून 1.2 लिटरचे के-सिरीज झाले, 2011 मध्ये दुसरी पिढी आली, 2018 मध्ये तिसरी, आणि 2024 मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत तर इंजिनच तीन सिलिंडरांचे आहे. बीएस-6 लागू झाल्यावर 2020 मध्ये डिझेल बंद झाले. त्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारी साखळी आहे. चेनला बेल्टसारखी बदलण्याची मुदत ठरलेली नसते, म्हणून मालक तिला विसरतात. ऑइल बदलायला वारंवार उशीर झाला, की चेन आणि तिला ताण देणारा टेन्शनर झिजतो, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण खडखड ऐकू येते. हेच इंजिन डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा आणि पुंटोमध्येही होते, त्यामुळे ही खडखड ओळखता येणारा माणूस पाचही गाड्यांची परीक्षा करू शकतो.

ऑटोमॅटिकच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते. 2013 च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स होता. याच प्रकारच्या गिअरबॉक्समधील सिंथेटिक ऑइलमुळे विद्युत बिघाड होत असल्याने नोव्हेंबर 2013 मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावून ते ऑइल बदलून दिले होते. या गिअरबॉक्सचे मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर आणि क्लच हलवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, निकामी झाले, तर दुरुस्तीचा आकडा ऐकून गाडी विकून टाकावीशी वाटते. पुढे 2020 मध्ये आलेल्या 1.0 टीएसआय पोलोला मात्र सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा प्रकार) मिळाला. इकोस्पोर्टमध्येही तेच घडले. 2013 ची पेट्रोल ऑटोमॅटिक दुहेरी क्लचची होती आणि 2017 च्या अखेरीस आलेल्या नव्या रूपात टॉर्क कन्व्हर्टर आला. जाहिरातीत मात्र दोन्हींपुढे "ऑटोमॅटिक" हा एकच शब्द असतो.

पहिल्या लॉटपासून दूर राहावे, हा जुन्या लोकांचा सल्लाही याच अनुभवातून आलेला आहे. 1998 च्या अखेरीस आलेल्या इंडिकाबद्दल किती तक्रारी होत्या आणि 2001 च्या व्ही-2 नंतर त्याच गाडीकडे लोक कसे वळले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आपले मत काय, ते कारणांसह लिहावे.

उद्यमनगर

नमस्कार. माहिती बरोबर आहे, पण आपण लावलेला क्रम मला मान्य नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हेड फेसिंग, बोअर आणि क्रँक ग्राइंडिंगची, म्हणजे उघडलेल्या इंजिनांचे भाग घासून नीट करण्याची कामे करण्यात माझे आयुष्य गेले. आमच्याकडे उघडून आलेले इंजिन सर्वांत आधी मालकाविषयी बोलते आणि त्यानंतर कंपनीविषयी.

एक उदाहरण देतो. एकाच पिढीची, एकाच साली पासिंग झालेली, जवळजवळ सारख्याच किलोमीटरची दोन डिझेल इंजिने एका आठवड्यात टेबलावर आली होती. एकाचे टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण काढले, तर आत सोनेरी तपकिरी झाक होती, कॅमशाफ्टचे उंचवटे गुळगुळीत होते आणि काम केवळ हेड गॅस्केटचे निघाले. दुसऱ्याच्या कव्हरला आतून काळा गाळ थापल्यासारखा बसला होता, ऑइल पंपाची जाळी निम्मी बुजली होती, बेअरिंगचा वरचा थर उडून तांबे दिसत होते. आपल्या पद्धतीने पाहिले तर या दोन्ही गाड्यांना एकच गुण मिळाले असते.

दुसरी गोष्ट अशी, की नियमित देखभालीची बाबही पिढीवार दोषांच्या याद्यांत "दोष" म्हणून छापली जाते. 2005 पासून 2016 पर्यंतच्या इनोव्हाच्या 2.5 लिटर डिझेलला टायमिंग बेल्ट आहे, डस्टरच्या 1.5 डिझेललाही आहे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचे मोठे काम निघते, हे खरे. पण तो मुदतीत बदलला, सोबत टेन्शनर आणि वॉटर पंप पाहून घेतला, तर तीच इनोव्हा लाखो किलोमीटर चालते, आणि आपल्या जिल्ह्यातल्या वडापवाल्यांना (माणशी भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्यांना) विचारले तर ते हेच सांगतील. अशा गाडीच्या पिढीपेक्षा बेल्ट बदलल्याचे बिल विचारावे आणि त्यावरचे किलोमीटर पाहावेत. यादी वाचून घाबरलेला माणूस चांगली इनोव्हा सोडतो आणि "चेनची आहे, काळजी नाही" म्हणून कधीच ऑइल न बदललेली दुसरी गाडी घेऊन येतो. शिवाय ज्यांची गाडी बिघडते तेच लिहितात. ज्याची विनातक्रार चालली तो कशाला लिहील?

कृष्णाकाठ

आपण दोघेही इंजिनाविषयी बोलत आहात, म्हणून शिरोळ तालुक्यातून एक आठवण करून देतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही वेळी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पन्नाशीच्याही वर मजल मारली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि शहरात व नदीकाठच्या गावांत दारात उभ्या असलेल्या गाड्यांत पाणी शिरले. त्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, पॉलिश करून, सीट कव्हर बदलून त्या विकल्या गेल्या, आणि बहुधा जिथे पूर आला नव्हता तिथे. कोणत्या पिढीच्या तक्त्यात हे लिहिलेले असते?

पाहायचे असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. एरवी गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ राहते, आणि ती धुणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पुढच्या सीटखालचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा आणि गालिच्याखालचे वायरिंगचे जोड पाहावेत. पाण्यात राहिलेल्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. आणि विक्रेत्याकडे त्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागाव्यात. अनेक वर्षे दावा न केलेल्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, 50 टक्क्यांपर्यंत जातो. तो 2019 किंवा 2021 नंतरच्या पॉलिसीत एकदम शून्यावर आला असेल, तर कारण विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

रंकाळाकाठ

पुराला पिढी कळत नाही, हे पूर्णपणे मान्य. पाण्यात गेलेली गाडी कोणत्याही पिढीची असो, ती घेऊ नये, आणि सीटबेल्टची खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

उद्यमनगरच्या काकांशी मात्र माझा मतभेद कायम आहे, आणि तो आदराने मांडतो. काका, आपल्या टेबलावरची दोन इंजिने एकाच पिढीची होती, म्हणून त्यांच्यातला फरक देखभालीचाच असणार. पण ज्या भागाची रचनाच कमकुवत आहे, तिथे देखभालीचा काय उपयोग? डीएसजीचे मेकाट्रॉनिक युनिट कंपनीत वेळेवर सर्व्हिसिंग करणाऱ्याचेही जाते, आणि त्याच्या फाइलमधील सगळी बिले नीटनेटकी असतात. होंडा सिटीच्या काही जुन्या वर्षांच्या गाड्यांमध्ये टाकाटा या जपानी कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) होते. त्यातले रसायन उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत जाते, आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. मालकाने वेळच्या वेळी ऑइल बदलले म्हणून तो धोका कमी होत नाही. तिथे चेसिस नंबर देऊन इन्फ्लेटर बदलला आहे की नाही, हेच विचारावे लागते, आणि कोणत्या वर्षाच्या गाडीला हा प्रश्न विचारायचा हे पिढी माहीत असल्याशिवाय कळत नाही.

बॉनेट उघडून दिसणारे दोष आपल्यासारखे जाणकार पकडतील. न दिसणाऱ्या दोषांसाठी सामान्य ग्राहकाकडे आधी केलेल्या वाचनाशिवाय दुसरे काय आहे?

गडहिंग्लज

माझा आक्षेप दोघांवरही आहे. हातात अडीच-तीन लाख रुपये घेऊन निघालेल्या माणसाला पिढी निवडण्याची मुभा फारशी नसते. त्याच्यासाठी खरा प्रश्न असा असतो, की बिघाड झाल्यावर सुटा भाग गडहिंग्लजच्या दुकानात मिळेल, की कोल्हापूरहून किंवा पुण्याहून मागवावा लागेल. शेवरोलेची विक्री देशात 2017 मध्ये थांबली, फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दोन्ही कंपन्यांनी सुट्या भागांची सोय चालू ठेवण्याचे आश्वासन दिले होते आणि भाग मिळतातही, पण बंपर किंवा सेन्सरसाठी गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणे ज्याला परवडत नाही, त्याने काय करायचे?

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मला तर दोष ठाऊक असलेली जुनी पिढीच बरी वाटते. दोष ठाऊक असला, की त्याच्या दुरुस्तीचा खर्च ठाऊक असतो, आणि तो बोली करताना किमतीतून वजा करता येतो. नव्या पिढीचे दोष अजून बाहेर यायचे असतात. मारुतीने जुलै 2020 मध्ये इंधन पंपाच्या तपासणीसाठी वॅगन आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या परत बोलावल्या. त्यातल्या वॅगन आर नोव्हेंबर 2018 ते ऑक्टोबर 2019 या काळात बनलेल्या होत्या, म्हणजे तेव्हा त्यांना फार तर दीड-पावणेदोन वर्षे झाली होती. "नवीनच आहे, काही बघायला नको" म्हणून त्या घेणाऱ्याला कोणत्या यादीने सावध केले असते? आणि त्यातली जी गाडी तपासणीला गेलीच नाही, ती आजही बाजारात फिरत असेल.

उद्यमनगर

गिअरबॉक्सविषयीचे म्हणणे मी मान्य करतो. ऑटोमॅटिक घेणाऱ्याने आधी प्रकार विचारावा. ते काम आमच्या हातातले नाही आणि मी त्यावर अधिकाराने बोलणार नाही. एअरबॅगचेही तसेच. साध्या गिअरच्या पेट्रोल-डिझेल गाडीबाबत मात्र मी माझ्या जागेवर आहे.

वाचनाने मिळालेली माहिती गाडीसमोर उभे राहिल्यावर वापरता आली पाहिजे. थंड इंजिनाची खडखड आपण लिहिली, पण विक्रेता ग्राहक येण्याआधीच गाडी सुरू करून गरम करून ठेवतो. म्हणून फोनवरच बजावावे, की मी आल्याशिवाय चावी फिरवू नका, आणि पोचल्यावर बोलण्याआधी बॉनेटवर हात ठेवून पाहावा. कोमट लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. त्यानंतर चालत्या इंजिनाची ऑइलची कॅप काढावी. तिथून धूर धक्क्याधक्क्याने वर येत असेल, तर पिस्टनच्या रिंग आणि बोअरचे काम जवळ आले असे समजावे. आणि गाडी महामार्गावर पळवून पाहू नये, तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात. जोतिबाच्या डोंगरावर घेऊन जावे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. चार माणसे बसवून चढवली आणि तापमानाचा काटा हलला, तर हेड आणि रेडिएटर दोन्ही पाहून घ्यावेत.

राजारामपुरी

सर्वांचे वाचून एक प्रश्न विचारावासा वाटला. मुलीला रोज कागल एमआयडीसीत जायचे आहे. दुसऱ्या पिढीची 2014 ची डिझेल स्विफ्ट पाहिली आहे. दुसरा मालक, कोल्हापूर पासिंग, मीटरवर 92 हजार किलोमीटर. थंड असताना सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद आवाज येतो आणि मग थांबतो. विक्रेता म्हणतो, की डिझेलला तेवढा आवाज असतोच. घ्यावी का?

रंकाळाकाठ

ताई, तेवढा आवाज "असतोच" हे खरे नाही. डिझेलची नेहमीची टकटक इंजिन चालू असेपर्यंत ऐकू येते. सुरुवातीला येऊन ऑइलचा दाब चढल्यावर थांबणारी खडखड चेनच्या बाजूची असण्याची शक्यता अधिक. पिढी आणि इंजिन आपल्या कामाला योग्य आहेत, त्यामुळे गाडी लगेच नाकारू नका. पहिल्या मालकाच्या काळापासूनच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा, दोन ऑइल बदलांमध्ये किती अंतर पडले ते पाहा, आणि चेन, टेन्शनर, गाइड यांच्या कामाचा अंदाज एखाद्या गॅरेजमधून लेखी घेऊन तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. 2014 ची गाडी दोन्ही पुरांच्या वेळी कोणाच्या तरी दारात उभी होती, म्हणून सीटबेल्टही ओढून पाहा.

उद्यमनगर

ताई, एवढ्यात एका गोष्टीची भर घालतो. नोंदी मिळाल्या नाहीत, तर अंदाज घेण्याआधी टॅपेट कव्हरवरची ऑइलची कॅप काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहा. आत काळा गाळ दिसला, तर चेनचे पैसे वजा करून घेतले तरी ही गाडी घेऊ नका.