सागवानी खिडकीची झडप टेकते, तळाची पट्टी कुजली आहे

पारोळेकर: धाब्याचं जुनं घर आहे. पश्चिमेच्या खिडकीला दोन सागवानी झडपा, प्रत्येकीत तीन काचा. उजवी झडप तळाला घासते. खालची आडवी पट्टी कोपऱ्यात इतकी मऊ झालीय की पेचकस पेरभर आत जातो. काचा पक्क्या धरणारा लगदा, म्हणजे लांबी, तीही सुटतेय. सुतार म्हणतात, रंधा मारून देतो, नाहीतर अॅल्युमिनियम बसवा. सागवान टाकवत नाही. काय करावं?

गुण्या: भाऊ, रंधा मारू देऊ नका. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड तासलं की वैशाखात फट पडते आणि सगळा धुराळा घरात येतो. शिवाय तुमची झडप फुगलेली नाही, खाली ढळली आहे, म्हणून तळालाच घासते.

आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहा. हाताने फिरत असतील तर भोक 8 मिमीचं करा, सागाची खुंटी मरीन फेविकॉल लावून ठोका आणि दुसऱ्या दिवशी त्यात बारीक भोक पाडून पितळी स्क्रू आवळा. काड्यापेटीच्या काड्या कोंबून फार दिवस भागत नाही. बिजागरी घट्ट असेल तर झडप उतरवून दोन्ही कर्ण मोजा. मापं जुळत नसतील तर सालकुसूचा सांधा (एका पट्टीच्या भोकात दुसरीची जीभ, म्हणजे कुसू, बसवलेला) सुटलाय. तो उघडून जुना सरस खरवडा, झडप गुण्यात, म्हणजे काटकोनात आणा, नवा सरस लावून 24 तास शिकंज्यात आवळून ठेवा.

सातपुडा: कुजलेला भाग पटाशीने (सुताराच्या छिन्नीने) काढत जा, कोरडं, खणखणीत लाकूड लागेपर्यंत. काप तिरका घ्या, उतार बाहेरच्या बाजूला. जोडायचा तुकडा मोडलेल्या वाड्याच्या जुन्या सागाचाच आणा. ओलं नवं लाकूड आक्रसून सांधा उघडतं. कुसूच कुजलं असेल तर ठिगळ लावत बसू नका, अख्खी पट्टी बदला.

पण पाणी कुठून येतं ते आधी शोधा, नाहीतर नवा तुकडाही कुजेल. बहुतेक वेळा खिडकीच्या तळाला सिमेंटचा गिलावा करताना उतार आत गेलेला असतो. तो फोडून उतार बाहेर द्या. पट्टीच्या पोटाला, बाहेरच्या कडेपासून 10 मिमी आत, 6 मिमीची आडवी खाच पाडा. ती नसली की थेंब पोटाला चिकटून सरळ सांध्यात शिरतो.

पारोळेकर: आणि लांबी? भिंतीची पुट्टी चालेल का?

गुण्या: मुळीच नको, ती तडकून पडते. 1 किलो खडूच्या पावडरीत साधारण 180 मिली कच्चं जवसाचं तेल घालून कणकेसारखं मळा. बोटाला चिकटलं तर पावडर वाढवा. काच बसायच्या खाचेला आधी तेलाचा हात द्या. तहानलेलं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं, म्हणूनच ती सुटते. काच खाचेपेक्षा 3 मिमी कमी कापा. रंग दोन-तीन आठवड्यांनी, लांबीवर साय धरल्यावर. ब्रश 2 मिमी काचेवर येऊ द्या, म्हणजे फटीत पाणी जात नाही.

सातपुडा: दोन गोष्टी जपा. घरगुती रंगातल्या शिशाची 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पाणी मारून घासा, मास्क लावा, पोरं लांब ठेवा. आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून फेकू नका, आपोआप पेट घेतात. सावलीत पसरून वाळवा, मगच टाका.