दहावीच्या वर्षात मुलाला जाखडीला पाठवावे का?

गुहागरची आई

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो आणि माझा मुलगा यंदा दहावीत आहे. सहावी-सातवीपासून तो वाडीच्या जाखडी मंडळात नाचतो (जाखडी म्हणजे गणपतीत मृदंगाच्या तालावर गोलात फिरत करायचा आमचा कोकणातला नाच). यंदा त्याला नाचातून काढून मृदंगावर बसवायचे मंडळाच्या बुवांच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, मनात आहे, त्यामुळे त्याचे पाय जमिनीवर नाहीत. आमच्याकडे भाताची लावणी आटोपली की तालमी सुरू होतात. रात्रीची जेवणे झाली की मुले समाजमंदिरात जमतात, आणि घरी यायला साडेअकरा-बारा होतात. सकाळी सातच्या एसटीने शाळा गाठायची असते.

मुलाचे वडील मुंबईला नोकरीला असतात. त्यांचे म्हणणे असे की हे एक वर्ष नाच-गाणे पूर्ण बंद ठेवावे आणि दहावी झाल्यावर काय नाचायचे ते नाचावे. सासूबाईंना हे अजिबात मान्य नाही; गणपतीपुढचा नाच घरातल्या मुलाने मध्येच सोडायचा नसतो, असे त्या म्हणतात. मी या दोघांच्या मध्ये आहे. घरात हा मुलगा विचारल्याशिवाय बोलत नाही, हातात मोबाइल असला की समोर कोण बसले आहे याचेही त्याला भान नसते. पण तालमीच्या ठिकाणी हाच मुलगा तिशी-चाळिशीच्या माणसांशी मोकळेपणाने बोलताना मी पाहिला आहे. संगीत आणि नाच यांचा या वयात खरोखर काही उपयोग होतो, की ही आपण आपली घातलेली समजूत आहे? अनुभवी मंडळींनी स्पष्ट मत द्यावे, ही विनंती.

निवृत्त मास्तर, चिपळूण

ताई, आपल्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. जाखडीने अभ्यासाला फायदा होतो का, हा एक. आणि जाखडीने मुलाला फायदा होतो का, हा दुसरा. त्यांची उत्तरे वेगळी आहेत.

पहिल्याबद्दल बाजारात फार थापा चालतात. संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारते, असे सांगून क्लासची फी घेणारे आपल्याकडेही आहेत. या समजुतीचा उगम बराचसा 1993 सालच्या एका प्रयोगात आहे. त्यात मोझार्टची एक रचना ऐकल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आकृत्यांची कोडी थोडी बरी सोडवली आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला; पुढे इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा तेवढाही परिणाम खात्रीने दिसेना. 2004 मध्ये कॅनडात सहा वर्षांच्या 144 मुलांवर अधिक नेटका प्रयोग झाला. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढला, आणि गमतीचा भाग असा की नाटक शिकलेल्या मुलांचे चारचौघांतले वागणे सुधारले. त्यानंतर 2020 मध्ये अशा 54 अभ्यासांचा आणि त्यांतल्या जवळजवळ सात हजार मुलांचा एकत्र आढावा घेतला गेला. तुलनेच्या गटालाही दुसरे काहीतरी शिकवले होते अशा अभ्यासांत संगीताचा बुद्धीला वा मार्कांना होणारा फायदा जवळजवळ शून्यावर आला. म्हणून मार्क वाढतील या आशेने कोणी मुलाला मृदंगावर बसवू नये.

पण मार्क बुडतील या भीतीने त्याला उठवायचेही कारण मला दिसत नाही. 2025 च्या दहावीच्या निकालात राज्याचा आकडा 94.10 टक्के होता आणि आपला कोकण विभाग 98.82 टक्क्यांसह पहिला होता. त्याच्या आदल्या वर्षीही पहिला आपणच होतो. हा विभाग म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. जाखडी, नमन, दशावतार आणि भजनांच्या बाऱ्या (सामने) यांत रात्री घालवणारे हेच दोन जिल्हे. नाचल्यामुळे पास झाले, असे मी म्हणत नाही. नाचूनही पास झाले, एवढेच म्हणतो.

आता दुसरा प्रश्न, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. शाळेत मूल दहा वर्षे आपल्याच वयाच्या मुलांबरोबर बसते. घरात ते धाकटे असते. मोठ्या माणसांच्या बरोबरीने एखादे काम करण्याची आणि ते चुकले तर सर्वांसमोर चुकण्याची संधी त्याला आज फारशी कुठे मिळत नाही, कारण पूर्वी ती शेतात मिळे आणि आता शेतीच कमी झाली. जाखडीच्या गोलात ती मिळते. मध्ये शाहीर, मृदंग, झांज आणि शाहिराची ओळ मागून उचलून धरणारे झीलकरी; भोवती फिरणाऱ्या प्रत्येकाच्या एका पायात चाळ. त्यातला एक पाय अर्धी मात्रा उशिरा पडला तरी तो साऱ्या मांडवाला ऐकू येतो. तो का चुकला हे चौदा वर्षांच्या मुलाला शेजारी नाचणारा चाळीस वर्षांचा गवंडी सांगतो, आणि पुढच्या फेरीला तोच गवंडी चुकला तर मुलगा हसतो. ही बरोबरी शाळेत शिकवता येत नाही. निदान मला आयुष्यभर शिकवता आली नाही. शिवाय शक्तीवाले आणि तुरेवाले या जाखडीतल्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबात समोरच्याने पुराणातला एखादा अडवणारा प्रश्न टाकला की दुसऱ्या दिवशी वाडीतली पोरे म्हाताऱ्यांकडे कथा विचारत फिरतात, हे मी पाहिले आहे. (हल्ली रंगमंचावरच्या शक्ती-तुऱ्यात बेंजो आणि ऑक्टोपॅडच्या आवाजात सवालच ऐकू येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. ती इथे वाढवत नाही.)

एकत्र तालात हालचाल करणाऱ्या माणसांना एकमेकांविषयी अधिक आपलेपणा वाटतो, हे प्रयोगांतही दिसले आहे. आपला मुलगा तिथे बोलतो आणि घरी बोलत नाही, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

अडचण आहे ती झोपेची. या वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते आणि बाराला झोपून सहाला उठणाऱ्याला ती मिळत नाही. बुवांना सांगा की दहावीची मुले साडेनऊला घरी जातील. कोणताही शहाणा बुवा हे ऐकतो, कारण पुढच्या वर्षी मुले त्यालाच लागणार असतात. आणि खरी कसोटी गणपतीला नाहीच, ती शिमग्याला आहे. 2025 मध्ये दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारीपासून 17 मार्चपर्यंत चालली आणि होळी पेटली 13 मार्चला. फाक पंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, गावात ढोल वाजू लागला की खिडकी लावून इतिहास वाचणे कठीण असते. पालखीला खांदा देण्याचे काय, हे घरात आतापासून बोलून ठेवा.

पखवाजवाला, कुडाळ

मास्तरांचे बहुतेक सर्व पटले, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. मुलाला यंदा नाचू द्यावे, मृदंगावर मात्र बसवू नये.

नाचणाऱ्याचे काम तालमीपुरते असते. वाजवणाऱ्याचे तसे नसते. मी भजनात पखवाज वाजवतो, डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, बसतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने कातडे उतरते. बारी सुरू होण्याआधी हातोडीने पखवाजाचे लाकडी गट्टे ठोकून पेटीच्या सुराशी ते मिळवावे लागते आणि तासाभरात पुन्हा उतरलेले असते. डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याला, कणीक लावायची ती किती सैल, किती घट्ट, हे कोणी सांगून कळत नाही. कणीक वाळली की ‘धा’ बसका येतो आणि नेमका त्याच वेळी समोरचा बुवा गजर चढवतो. हे सगळे अंगात मुरायला रोज हात फिरवावा लागतो. जो मुलगा नवा वाजवायला लागतो तो वर्गातल्या बाकावर, जेवताना ताटावर, झोपेत गादीवर बोल वाजवतो. ते वेड चांगलेच, पण ते दहावीच्या वर्षात लागू नये. अर्धवट रियाजावर बसवला आणि गणपतीत सर्वांसमोर ताल सुटला, तर वाडीतली माणसे ते वर्षानुवर्षे काढत राहतात आणि पोरगा वाद्याला पुन्हा हात लावत नाही. अशी हुशार मुले मी गमावलेली पाहिली आहेत.

वहिनी, बुवांना सांगा की मार्चनंतर सुट्टीत बसवा. उन्हाळ्यात कातडेही चांगले बोलते.

कान-नाक-घसा, रत्नागिरी

मूळ प्रश्नाला फाटा न देता एक वैद्यकीय बाब मांडतो. तरुण मुलांच्या संगीताबद्दल बोलताना आपण अभ्यासाची काळजी करतो आणि कानांची विसरतो. साधारण 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो असे धरले जाते, आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीला चिकटून नाचणारी मुले दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते म्हणून येतात. बहुतेकांची ती थांबते, पण आतल्या पेशींची झालेली हानी भरून येत नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे. तो शेजाऱ्यांच्या झोपेसाठी आहेच, पण नाचणाऱ्यांच्याही हिताचा आहे.

चाळ बांधणाऱ्या मुलांसाठी एक सूचना: घोट्याभोवती आधी मऊ सुती पट्टी गुंडाळावी. पावसात भिजलेल्या दोरीने कातडी सोलवटते आणि ती जखम लवकर भरत नाही.

खाडीपलीकडची, एस.वाय.बी.ए.

काकू, तुमचा मुलगा भाग्यवान आहे, कारण त्याच्याबद्दल निदान असा प्रश्न तरी विचारला जातो आहे. माझ्या दहावीत माझ्याबाबतीत कोणी विचारलाच नव्हता. आमच्या वाडीत जाखडी मुलग्यांची आणि मुलींच्या वाट्याला गौरीच्या रात्रीची फुगडी. फुगडी मला अतिशय आवडते, त्यात दम लागतो आणि गाणी पाठ असावी लागतात; पण तिची तालीम नसते, तिला बुवा नसतो, तिच्यासाठी समाजमंदिराची चावी मिळत नाही. मोठ्या माणसांच्या बरोबरीने उभे राहण्याचे जे मास्तरांनी लिहिले आहे ते वाचून मला हेच वाटले की ती बरोबरी अर्ध्याच मुलांना मिळते. काही गावांत आता मुलींची आणि बायकांची जाखडी मंडळे उभी राहिली आहेत, महिलांची भजनी मंडळे तर पुष्कळ आहेत. तरीही रात्रीच्या तालमीचे नाव काढले की मुलीला पहिला प्रश्न येतो तो ‘तुला परत आणायला कोण येणार’ हाच.

मोबाइलबद्दलही थोडे सांगते. मुली घराच्या मागच्या पडवीत मोबाइल उभा करून नाचतात आणि मोठी माणसे नाके मुरडतात. नाचायला दुसरी जागा नसेल तर त्या तिथेच नाचणार. मी कॉलेजात गेल्यावर मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी लोकनृत्याच्या संघात आले, आणि आमच्या संघाने जाखडीच्या चाली कोणा गुरूकडून नाही, मुंबईच्या मंडळांच्या बाऱ्यांचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहत उचलल्या. पुढे एका जुन्या शाहिरांनी आमचे पाय पाहिले आणि अर्ध्या चाली मोडून पुन्हा बसवून घेतल्या. दोन्हींचा उपयोग झाला.

तालमीमुळे माझा अभ्यास मागे पडला का, तर पडला. सहामाहीला दोन विषयांत मार्क घसरले आणि वार्षिकला मी ते भरून काढले. पण त्या संघात येण्याआधी मला वर्गात उभे राहून उत्तर देता येत नसे, आवाज कापायचा. आता कापत नाही. हे कुठल्या गुणपत्रिकेत लिहितात ते मला माहीत नाही.

गुहागरची आई

सर्वांचे मनापासून आभार. कुडाळच्या भाऊंनी सांगितले तसे बुवांशी बोलणे झाले. मृदंग पुढच्या मे महिन्यावर गेला आहे. मुलगा दोन दिवस फुगून बसला होता, पण नाचाला जाऊ देणार हे कळल्यावर जेवायला आला. साडेनऊचे बुवांनी दहा केले, आणि सोडायला ते स्वतः येणार आहेत. त्याच्या वडिलांना फोनवर निकालाचे आकडे वाचून दाखवले. ते गप्प राहिले, याचा अर्थ मी होकार असा घेतला आहे. शिमग्याचा विषय अजून काढलेला नाही, कारण तिथे सासूबाई ऐकणार नाहीत.

खाडीपलीकडच्या मुली, तुझे लिहिणे मनाला लागले. माझी धाकटी सातवीत आहे आणि भाऊ तालमीला गेला की ती ओट्यावर एकटीच त्याच्या चाली करत असते. बुवांना तिच्याबद्दलही विचारणार आहे.

एक शेवटचे विचारते: दहावीला लोककलेचे वाढीव गुण मिळतात असे शेजारी म्हणाले. ते आमच्या मुलाला मिळतील का?

निवृत्त मास्तर, चिपळूण

लोककलेसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे, पण त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि सोबत शासनाच्या अटींत बसणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. वाडीच्या मंडळाचे साधे पत्र बहुधा चालणार नाही. मुख्याध्यापकांकडून यंदाची मुदत आणि अटी लेखी घ्या, आणि हे गणपतीच्या आधी करा. दिवाळीनंतर शाळेचे कार्यालय परीक्षेच्या अर्जांत बुडालेले असते. धाकटीला मात्र गुणांच्या आशेने पाठवू नका, तिला नाचायचे आहे म्हणून पाठवा.